एका शिलिंगाची निर्व्यसनी सहल

सुटी, प्रवास आणि मद्य यांची सांगड आजच्या पर्यटन व्यवसायात इतकी पक्की बसली आहे की, पेला हाती घेतल्याशिवाय सहल रंगतच नाही, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. विमानतळावरील करमुक्त दुकानापासून समुद्रकाठच्या उपाहारगृहापर्यंत सारी व्यवस्था हा समज जपते. ज्या माणसाच्या नावाने आधुनिक पर्यटन व्यवसायाचा इतिहास सुरू होतो, त्याने मात्र आपली पहिली सहल नेमक्या उलट हेतूने काढली होती. कष्टकऱ्यांनी दारूचा गुत्ता सोडावा आणि त्याऐवजी आगगाडीत बसावे, हा तो हेतू. या माणसाचे नाव थॉमस कुक. प्रवासी कंपनीचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव जगभर पोहोचले. पण मद्यनिषेधाचे कट्टर प्रचारक ही त्यांची मूळ ओळख काळाच्या ओघात पुसट होत गेली.

मेलबर्नचा पोरका मुलगा

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न या छोट्या गावात २२ नोव्हेंबर १८०८ रोजी थॉमस यांचा जन्म झाला. वडील जॉन कुक मजुरी करीत. थॉमस जेमतेम तीन वर्षांचा असताना वडील वारले आणि आई एलिझाबेथ यांनी दुसरा विवाह केला. आईचे वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. बायबलचे वाचन, साधी राहणी आणि कामाची शिस्त हे संस्कार मुलाला या घरातून मिळाले. शाळा मात्र दहाव्या वर्षीच सुटली. लॉर्ड मेलबर्न यांच्या जहागिरीतील बागेत एका माळ्याच्या हाताखाली तो राबू लागला. रोजी होती एक पेनी. चौदाव्या वर्षी तो आपल्या काकांकडे कातारीकाम शिकू लागला. लाकूड चरकावर फिरवून त्याला आकार देण्याची ही कला पुढे अडचणीच्या काळात त्याच्या पोटापाण्याला उपयोगी पडली.

ऐन तारुण्यात कुक बाप्टिस्ट पंथाच्या कार्यात ओढले गेले. १८२८ मध्ये वर्षाला ३६ पौंड मानधनावर खेडोपाडी फिरणारे प्रचारक म्हणून त्यांची नेमणूक झाली. गावोगाव जाऊन बायबल वाचून दाखवायचे, पत्रके वाटायची आणि मुलांसाठी रविवारच्या शाळा सुरू करायच्या, असे या कामाचे स्वरूप होते. १८२९ या एका वर्षात त्यांनी २६९२ मैल प्रवास केला आणि त्यापैकी २१०६ मैल ते पायी चालले. पुढे लक्षावधी लोकांना आगगाडीत बसविणाऱ्या या माणसाने प्रवास म्हणजे काय हे आधी स्वतःच्या पायांनी शिकून घेतले होते.

पंथाकडील पैसा आटला, तेव्हा कुक पुन्हा कातारीकामाकडे वळले. मार्च १८३३ मध्ये बॅरोडेन गावच्या मेरियन मेसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरियन शेतकरी कुटुंबातील होत्या आणि रविवारच्या शाळेत शिकवीत. या दांपत्याने मार्केट हार्बरो या गावी संसार थाटला. १८३४ मध्ये त्यांचा मुलगा जॉन मेसन याचा जन्म झाला.

बियरच्या गावात मद्यनिषेध

त्या काळच्या इंग्लंडमध्ये दारू ही घराघरांतील बाब होती. शहरांतील पाणी पिण्याजोगे नसे. कामगारांच्या खोल्या अंधाऱ्या आणि थंड असत. दिवसभर बारा-चौदा तास राबून आलेल्या माणसाला ऊब, उजेड आणि चार माणसांची सोबत मिळण्याचे एकच ठिकाण होते, ते म्हणजे गुत्ता. १८३० मध्ये संसदेने बियर कायदा केला. दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला बियर विकण्याचा परवाना मिळू लागला. लोक कडक जिन सोडून सौम्य बियरकडे वळतील, असा या कायद्यामागील हिशेब होता. प्रत्यक्षात गल्लोगल्ली हजारो नवे गुत्ते उघडले.

याची प्रतिक्रियाही उमटली. लँकेशायरमधील प्रेस्टन येथे जोसेफ लाइव्हसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३२ मध्ये संपूर्ण मद्यत्यागाची शपथ घेतली आणि ही चळवळ कामगार वस्त्यांत झपाट्याने पसरली. कुक यांनी १८३३ च्या नववर्षदिनी मद्यसंयमाची शपथ घेतली. पुढे ते संपूर्ण मद्यत्यागाकडे वळले. बियरदेखील वर्ज्य मानणे ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. अनेकांना तो निव्वळ वेडेपणा वाटे, कारण बियर हे पेय नसून अन्नच आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती.

शपथ घेऊन गप्प बसण्याचा कुक यांचा स्वभाव नव्हता. दक्षिण मिडलँड भागातील मद्यनिषेध संघटनेचे चिटणीसपद त्यांनी स्वीकारले. सभा भरविणे, पत्रके छापणे, मिरवणुका काढणे ही कामे त्यांच्याकडे आली. १८४० मध्ये त्यांनी मुलांसाठी मद्यनिषेधाचे मासिकही सुरू केले. तथापि, एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत चालली होती. व्याख्यानाने माणूस तासभर हलतो आणि सभा संपल्यावर त्याच्यासमोर तीच थंड खोली आणि तोच गुत्ता उभा राहतो. दारू सोडा म्हणणे सोपे होते. ती सोडल्यावर रिकाम्या संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर चळवळीजवळ नव्हते.

वाटेत सुचलेली कल्पना

९ जून १८४१ रोजी कुक मद्यनिषेधाच्या एका सभेसाठी मार्केट हार्बरोहून लेस्टरला पायी निघाले. हे अंतर सुमारे १५ मैलांचे. मिडलँड काउंटीज रेल्वेचा लोहमार्ग त्या भागात नुकताच सुरू झाला होता. किबवर्थ गावाजवळ चालता चालता त्यांच्या मनात विचार आला की, वाफेच्या या नव्या शक्तीला मद्यनिषेधाच्या कामाला जुंपले तर? पुढच्या महिन्यात लॉफबरो येथे मद्यनिषेधाचा मेळावा व्हायचा होता. लेस्टरच्या कार्यकर्त्यांसाठी तेथवर खास गाडी सोडावी, ही सूचना त्यांनी त्याच संध्याकाळी सभेपुढे मांडली आणि ती उचलून धरली गेली. रेल्वेचे चिटणीस जॉन फॉक्स बेल यांनीही होकार दिला.

खास गाडी सोडण्याचा हा इंग्लंडमधील पहिलाच प्रयोग नव्हता. कामगारांसाठी चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी आधीही अशा सहली काढल्या होत्या. कुक यांचे वेगळेपण असे की, त्यांनी भाडे ठरविण्यापासून जाहिरात, तिकीटविक्री, वाद्यवृंद, खाणेपिणे आणि परतीच्या वेळेपर्यंत सारी जबाबदारी एका हाती घेतली. प्रवाशाने एक शिलिंग द्यायचा आणि बाकी कशाचीही चिंता करायची नाही, असा हा सौदा होता.

५ जुलै १८४१ रोजी लेस्टरच्या स्थानकातून ही गाडी सुटली. तीत सुमारे ५०० प्रवासी होते. बहुतेकांचे डबे बिनछपराचे होते. एंजिनाच्या ठिणग्या आणि धूर अंगावर घेत, वाद्यांच्या गजरात मंडळी ११ मैलांवरील लॉफबरोला पोहोचली. वाटेतील पुलांवर आणि मार्गाच्या कडेला बघ्यांची गर्दी होती. अनेक प्रवाशांच्या आयुष्यातील हा आगगाडीचा पहिलाच प्रवास असावा. लॉफबरोमध्ये मिरवणूक निघाली. पॅजेट नावाच्या गृहस्थांनी आपले उद्यान मोकळे करून दिले होते. तेथे खाणे झाले, चहा झाला, क्रिकेट आणि इतर खेळ झाले, नाच झाले आणि दारूच्या दुष्परिणामांवर भाषणेही झाली. रात्री गाडी लेस्टरला परतली. दिवसभर कोणी दारूला शिवले नव्हते आणि तरीही दिवस आनंदात गेला होता. कुक यांच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची होती.

बियरच्या पैशात आगगाडी

कुक यांनी यानंतर लेस्टरला बस्तान हलविले आणि तेथे पुस्तकविक्री व छपाईचा व्यवसाय सुरू केला. पुढील तीन उन्हाळे ते मद्यनिषेध मंडळे आणि रविवारच्या शाळांसाठी सहली काढीत राहिले. १८४३ मध्ये लेस्टरला घोड्यांच्या शर्यती भरल्या, तेव्हा शहरात दारू आणि जुगाराचा बाजार मांडला जाई. मुलांना या वातावरणापासून दूर ठेवण्यासाठी कुक यांनी सुमारे ३००० शाळकरी मुलांना गाडीने डर्बीला नेले.

या सहलींची घडण पाहिली म्हणजे मद्याशिवाय मौज कशी उभी राहते, याचे कुक यांनी बांधलेले गणित स्पष्ट होते. पहिली गोष्ट पैशाची. गुत्त्यात दर आठवड्याला जाणारे पैसे बाजूला टाकले, तर कामगाराला आपल्या कुटुंबासह एक दिवस गावाबाहेर काढता येई. गुत्ता प्रामुख्याने पुरुषांचा होता. सहलीत मात्र बायको आणि मुले यांनाही जागा होती. दुसरी गोष्ट सोबतीची. एकट्याने न पिणारा माणूस पिणाऱ्यांच्या घोळक्यात अवघडतो. पण पाचशेंच्या पाचशे माणसे चहाचा पेला घेऊन बसली असली, तर कोणालाही चुकल्यासारखे वाटत नाही. तिसरी गोष्ट भरगच्च कार्यक्रमाची. संगीत, खेळ, पायी भटकंती, जुने वाडे आणि उद्याने यांत दिवस असा भरून जाई की रिकामा वेळ खायला उठत नसे. महाराष्ट्रातील वाचकाला हे नवल वाटू नये. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्याला न शिवता शेकडो वर्षे पंढरीची वाट चालत आला आहे आणि त्या वाटेवर टाळमृदंगाच्या नादाने जे भान हरपते, त्याला दुसऱ्या कशाची जोड लागत नाही.

सहलीतून व्यवसाय

१८४५ पर्यंत कुक यांनी ही कामे मुख्यतः चळवळीसाठीच केली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मात्र त्यांनी लेस्टर, नॉटिंगहॅम आणि डर्बी येथून लिव्हरपूलची सहल धंदा म्हणून काढली. आधी ते स्वतः सारा मार्ग फिरून आले, मुक्कामाच्या जागा पाहिल्या आणि प्रवाशांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहून छापली. मागणी एवढी होती की, तिकिटे संपून ती चढ्या भावाने विकली जाऊ लागली आणि सहल पुन्हा काढावी लागली.

१८४६ मध्ये सुमारे ३५० प्रवाशांना घेऊन ते स्कॉटलंडला गेले. गाडीत शौचालयाची सोय नव्हती. वाटेत ठरलेला चहा मिळाला नाही. आगबोटीवर पुरेशा खोल्या नसल्याने अनेकांना उघड्यावर पावसात रात्र काढावी लागली. ग्लासगोत मात्र तोफांची सलामी आणि वाद्यवृंदाने स्वागत झाले. प्रवासातील या गैरसोयींमुळे कुक यांच्यावर टीका झाली. व्यवस्था चोख नसेल तर चांगला हेतू कामाला येत नाही, हा धडा त्यांना मिळाला आणि तो ते विसरले नाहीत. पुढील वर्षांत स्कॉटलंडच्या सहली हा त्यांच्या व्यवसायाचा कणा बनला.

त्यांच्या कर्तृत्वाची खरी परीक्षा १८५१ मध्ये झाली. लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या भव्य प्रासादात जागतिक प्रदर्शन भरले होते. हा प्रासाद ज्यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला, ते जोसेफ पॅक्स्टन मिडलँड रेल्वेशीही संबंधित होते आणि त्यांनीच कुक यांना या कामात ओढले. कुक आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन यांनी गावोगाव बचत मंडळे काढली. कामगारांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि प्रदर्शनाच्या वेळी ते सहलीसाठी वापरायचे, अशी ही योजना होती. रेल्वे कंपन्यांतील चढाओढीमुळे जाण्यायेण्याचे भाडे पाच शिलिंगांपर्यंत खाली आले. दीड लाखांहून अधिक लोकांना कुक यांनी लंडन दाखविले. याच निमित्ताने त्यांनी प्रवासविषयक वृत्तपत्रही सुरू केले आणि ते पुढे कित्येक दशके चालले.

या प्रदर्शनाची एक बाजू मद्यनिषेधाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. प्रदर्शनाच्या आवारात मद्यविक्रीला बंदी होती. खाद्यपेयांचा मक्ता श्वेप्स कंपनीकडे होता आणि तिने सोडा, लेमोनेड आदी पेयांच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या विकल्या. कामगारांचे लोंढे राजधानीत शिरले तर दंगेधोपे होतील, ही वरिष्ठ वर्गाची भीती खोटी ठरली. सुमारे ६० लाख भेटी नोंदल्या गेलेले हे प्रदर्शन शांततेत पार पडले. कष्टकरी माणूस दारूशिवाय आणि शिस्तीत सुटी उपभोगू शकतो, हे देशाने डोळ्यांनी पाहिले.

मेरियन यांचे हॉटेल

दारूविना प्रवासाची एक मोठी अडचण मुक्कामाची होती. घोडागाड्यांच्या काळापासून प्रवाशाचा मुक्काम म्हणजे मद्यगृहाला जोडलेली खाणावळ, असेच समीकरण होते. मद्य न घेणाऱ्या पाहुण्याकडे खाणावळवाला नाखुशीनेच पाही, कारण त्याचा नफा दारूच्या विक्रीत असे. यावर उपाय म्हणून मद्यनिषेध चळवळीने ठिकठिकाणी स्वतःची हॉटेले काढली. तेथे चहा, कॉफी, साधे जेवण, स्वच्छ बिछाना आणि वर्तमानपत्रे मिळत. मद्य मात्र मिळत नसे. लेस्टरच्या ग्रॅनबी स्ट्रीटवर १८५३ मध्ये कुक यांचे असे हॉटेल सुरू झाले. त्याला लागूनच मद्यनिषेध सभागृह उभे राहिले. हे सभागृह १९६१ मध्ये पाडण्यात आले.

हॉटेलाचा सारा भार मेरियन यांच्यावर होता. पती महिनोन् महिने फिरतीवर असताना पाहुण्यांची सरबराई, नोकरांची देखरेख आणि हिशेब त्या सांभाळीत. १८६५ मध्ये कुक यांनी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर कचेरी थाटली, तेव्हा ग्रेट रसेल स्ट्रीटवर ब्रिटिश म्युझियमजवळ तशाच स्वरूपाचे आणखी एक हॉटेल काढले गेले आणि तेथेही मेरियनच उभ्या राहिल्या. इतिहासाने या बाईंची पुरेशी दखल घेतली नाही. मद्याशिवाय पाहुणचार चोख होऊ शकतो आणि त्यावर धंदाही चालू शकतो, हे रोजच्या कामातून सिद्ध करण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

आल्प्सपासून मुंबईपर्यंत

१८५५ मध्ये कुक यांनी प्रथमच प्रवाशांना युरोपात नेले. बेल्जियम, ऱ्हाइन नदीचे खोरे आणि पॅरिस असा हा मार्ग होता. सहलीत तोटा आला; पण अनुभव मिळाला. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडची पहिली सहल निघाली. त्या तुकडीतील जेमायमा मॉरेल या तरुणीने ठेवलेली रोजनिशी दुसऱ्या महायुद्धानंतर उजेडात आली. लांब घागऱ्यातील स्त्रिया खेचरांवरून आणि पायी हिमनद्या ओलांडताना तीत दिसतात. पुरुष नातेवाइकाशिवाय परदेशी जाणे ज्या काळात स्त्रीला अशक्यप्राय होते, त्या काळात कुक यांच्या तुकडीत तिला सुरक्षितपणे हिंडता येई. त्यांच्या प्रवाशांत स्त्रियांची संख्या नेहमीच मोठी राहिली. यामागे निर्व्यसनी प्रवासप्रमुख ही त्यांची ख्याती असणार, हे उघड आहे.

प्रवास ही आपली मक्तेदारी मानणाऱ्या उच्चभ्रूंना हे रुचले नाही. इटलीत ब्रिटिश उपवकिलात सांभाळणारे कादंबरीकार चार्ल्स लीव्हर यांनी १८६५ मध्ये टोपणनावाने लिहून कुक यांच्या प्रवाशांची यथेच्छ टवाळी केली. ऑस्ट्रेलियाने नाकारलेले गुन्हेगार आता इटलीत सोडले जात आहेत, अशी आवई उठविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. कुक यांनी जाहीर उत्तर दिले. निसर्ग आणि कला ही कोणा एका वर्गाची मालमत्ता नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

युरोपात पाऊल ठेवल्यावर मद्यनिषेधाच्या निष्ठेला मुरड घालावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. फ्रान्स आणि इटलीत जेवणाच्या मेजावर द्राक्षमद्य पाण्यासारखे असे. प्रवाशांत मद्य घेणारेही पुष्कळ होते. कुक यांनी स्वतः शपथ मोडली नाही. पण ती इतरांवर लादलीही नाही. न पिणाऱ्याला कोठेही एकटे पडू न देता प्रवास घडविणे, एवढ्यापुरता आपला आग्रह त्यांनी मर्यादित केला. १८६९ मध्ये ते प्रवाशांना घेऊन इजिप्त आणि पॅलेस्टाइनला गेले. बायबलमधील भूमीचे दर्शन हा त्यांच्या आयुष्यातील मोठा ठेवा होता. पुढे मात्र नाईल नदीवरील कंपनीच्या आगबोटी श्रीमंतांची चैन बनल्या आणि तेथील जेवणात मद्याला स्थान मिळाले.

२६ सप्टेंबर १८७२ रोजी कुक लिव्हरपूलहून एका छोट्या तुकडीसह पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर आणि श्रीलंका करून ते हिंदुस्थानात आले. कोलकाता, बनारस, आग्रा, दिल्ली पाहून ते रेल्वेने मुंबईला पोहोचले आणि तेथून जहाजाने इजिप्तकडे गेले. या प्रवासाला २२२ दिवस लागले. योगायोग असा की, ज्युल्स व्हर्न यांची ८० दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी याच काळात पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः प्रसिद्ध होत होती.

मुंबईशी कुक यांच्या कंपनीचे नाते पुढे घट्ट झाले. १८८१ मध्ये तिची कचेरी या शहरात सुरू झाली. काही वर्षांनी हिंदुस्थान सरकारने मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम कंपनीवर सोपविले. गर्दीने कोंबलेली जहाजे, दलालांची लूट आणि रोगराई यांनी यात्रेकरू तेव्हा हैराण झाले होते. परतीच्या तिकिटाची आणि रेल्वे-जहाज जोडणीची शिस्त कंपनीने बसविण्याचा प्रयत्न केला. पण काम आतबट्ट्याचे ठरल्याने काही वर्षांत ते सोडून दिले. प्रवास श्रद्धेसाठी करणाऱ्या आणि मद्याला न शिवणाऱ्या सामान्यांची सोय पाहणारा हा उपक्रम कंपनीच्या मूळ प्रेरणेच्या बराच जवळ जाणारा होता.

पिता आणि पुत्र

तोवर कंपनीची सूत्रे जॉन मेसन कुक यांच्याकडे गेली होती. पिता आणि पुत्र यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर होते. थॉमस यांच्या लेखी प्रवास हे लोकसेवेचे आणि धर्मकार्याचे साधन होते. जॉन यांच्या लेखी तो धंदा होता आणि धंद्यात भावनेची मिसळ त्यांना खपत नसे. वडील कंपनीचा पैसा धर्मकार्याकडे वळवितात, ही त्यांची तक्रार होती. वडिलांना मुलगा कठोर आणि हिशेबी वाटे. बेबनाव वाढत गेला आणि १८७८-७९ च्या सुमारास थॉमस यांना कारभारातून दूर व्हावे लागले. लेस्टरच्या थॉर्नक्रॉफ्ट या घरी ते निवृत्तीचे आयुष्य जगू लागले.

तेथेही सुख लाभले नाही. नोव्हेंबर १८८० मध्ये त्यांची ३५ वर्षांची मुलगी अ‍ॅनी हिचा न्हाणीघरात मृत्यू झाला. पाणी तापविण्यासाठी बसविलेल्या गॅसच्या यंत्रातील विषारी वायूने तिचा बळी घेतला. हा घाव आईवडिलांना सोसवला नाही. लेकीच्या स्मरणार्थ त्यांनी लेस्टरमध्ये रविवारच्या शाळेसाठी सभागृह बांधले. १८८४ मध्ये मेरियनही गेल्या. थॉमस यांची दृष्टी मंदावत जाऊन ते अंध झाले. तशाही स्थितीत १८८८ मध्ये त्यांनी पॅलेस्टाइनची अखेरची यात्रा केली.

१८९१ मध्ये कंपनीचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये थाटात झाला. ज्यांच्या एका शिलिंगाच्या सहलीचा हा उत्सव होता, ते थॉमस प्रकृतीमुळे त्याला हजर राहू शकले नाहीत. त्याच सुमारास त्यांनी आपल्या जन्मगावी, मेलबर्न येथे, गरिबांसाठी १४ छोटी घरे आणि प्रार्थनेसाठी सभागृह बांधून दिले. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे त्यांचे निधन झाले. वेलफर्ड रोडवरील दफनभूमीत मेरियन आणि अ‍ॅनी यांच्याजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली.

जमेची आणि खर्चाची बाजू

कुक यांच्या चळवळीला यश आले काय, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. इंग्लंडमधील बियरचा दरडोई खप त्यांच्या हयातीत वाढतच गेला आणि १८७० च्या दशकाच्या मध्यास त्याने उच्चांक गाठला. स्वस्त सहलींच्या गाड्यांतून समुद्रकाठी जाऊन झिंगणारे प्रवासीही निपजले. आगगाडी ही जशी गुत्त्यापासून दूर नेते, तशी ती दुसऱ्या गावच्या गुत्त्यापर्यंतही नेते, हे सत्य त्यांना पाहावे लागले. केवळ सहलींनी देश निर्व्यसनी होईल, ही त्यांची तरुणपणीची आशा फळाला आली नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दारू सोडणाऱ्याला केवळ उपदेश देऊन भागत नाही, त्याला आनंदाची दुसरी जागा दाखवावी लागते, हे कुक यांनी ओळखले आणि ती जागा प्रत्यक्ष उभी करून दाखविली. उन्हाळ्यातील एक दिवस, समवयस्कांची सोबत, गाणे, खेळ, चहा आणि पूर्वी कधी न पाहिलेला मुलूख एवढ्या सामग्रीवर त्यांनी हजारो कुटुंबांना सुटी उपभोगायला शिकविले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते आजही व्यसन सुटलेल्या माणसाचा रिकामा वेळ कसा भरून काढायचा, याच प्रश्नाशी झुंजतात. सणवार, सुट्या आणि मित्रांबरोबरच्या सहली हेच त्याच्या निश्चयाच्या कसोटीचे दिवस असतात.

कुक घराण्याने १९२८ मध्ये कंपनी विकली. १९४८ मध्ये ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची झाली आणि १९७२ मध्ये पुन्हा खासगी हाती गेली. पुढे अनेक स्थित्यंतरांनंतर २३ सप्टेंबर २०१९ रोजी मूळ ब्रिटिश कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली आणि दीड लाखांहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकून पडले. भारतातील त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने या पडझडीतून वाचली.

लेस्टर रेल्वे स्थानकाबाहेर थॉमस कुक यांचा पुतळा १९९४ मध्ये उभारण्यात आला. कंपनीच्या लेस्टरमधील जुन्या इमारतीच्या दर्शनी भागावर चार प्रसंगांची शिल्पे आहेत. जागतिक प्रदर्शन, नाईल नदीवरील मोहीम आणि सुवर्णमहोत्सवी वर्षातील नवी आगगाडी यांच्या जोडीला तेथे १८४१ मधील ती बिनछपराची गाडीही कोरलेली आहे. तीतील प्रवाशांनी तिकिटासाठी प्रत्येकी एक शिलिंग मोजला होता आणि दिवसभरात दारूवर एक पेनीही खर्च केली नव्हती.